काहीही वगळलेलं नाही

रविवारचे पोहे खाऊन झाले की परीक्षित जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बसायचा, गुरुनाथ दुसऱ्या बाजूला, आणि मुलाखतीची तालीम सुरू व्हायची. परीक्षित हा मुलगा, वय शेहेचाळीस, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. गुरुनाथ देवस्थळी हे वडील, वय एक्क्याऐंशी. मीनाक्षी, म्हणजे एकाची आई आणि दुसऱ्याची बायको, सिंकपाशी उभी राहून डिशवॉशरमध्ये लावायची भांडी आधी विसळत असायची. न विसळता लावली तरी चालतात, हे सुनेने, प्रीताने, तिला अमेरिकेतल्या पिस्कॅटवे गावच्या त्या घरात सात वर्षं सांगून झालं होतं.

"फुल नेम?"

"गुरुनाथ विष्णू देवस्थळी."

"हॅव यू एव्हर बीन अरेस्टेड?"

"येस. नगरला, सदुसष्ट साली. रेशनच्या मोर्चात. चार तास."

"बाबा, ते सांगा, ते ओके आहे." परीक्षितने एक पान उलटलं आणि आवाज जरा उतरला. "हॅव यू एव्हर बीन अ मेंबर ऑफ द कम्युनिस्ट पार्टी?"

"येस."

परीक्षितने पेन खाली ठेवलं. "आपण किती वेळा बोललोय यावर? उत्तर 'नो' आहे."

"तू 'एव्हर' म्हणालास. एव्हर म्हणजे कधीही. सहासष्ट ते चौऱ्याण्णव मी सभासद होतो. मध्ये एक वर्ष कार्ड उशिरा आलं, तेही सांगावं लागेल."

"यार बाबा, कोण विचारतंय कार्डचं?"

"तूच विचारतोयस."

पंधरा वर्षांची रुही सोफ्यावरून मान न वळवता म्हणाली, "ही हॅज अ पॉइंट, डॅड." परीक्षितने तिला वर जायला सांगितलं.

गोष्ट अशी होती, की सात वर्षांपूर्वी आईबाबांचं ग्रीनकार्ड करताना सगळे फॉर्म परीक्षितने भरले होते. तोच प्रश्न तेव्हाही होता आणि दोघांच्याही फॉर्मवर त्याने 'नाही'ची खूण केली होती. गुरुनाथच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच महिन्यात झालेलं. आयुष्यात न वाचता केलेली त्याची ती एकच सही. इतकी जुनी गोष्ट तेव्हा खरी सांगितली असती तरी बहुधा निभावलं असतं, असं पुढे वकिलाने सांगितलं. पण तेव्हा परीक्षितने कुणाला विचारलंच नव्हतं. आता नागरिकत्वाच्या मुलाखतीत शपथेवर 'हो' म्हटलं, तर जुनं 'नाही' खोटं ठरत होतं. मग नागरिकत्व राहिलं बाजूला, ग्रीनकार्डावरच गदा यायची.

आणि परत जायला घर नव्हतं. पुण्याचा फ्लॅट विकून ते पैसे याच घरात घातले होते.

मीनाक्षीची मुलाखत ऑक्टोबरमध्येच होऊन गेली होती. तो प्रश्न आला तेव्हा तिने समोरच्या बाईच्या कानातले मोती बघत 'नो' म्हटलं आणि ती बाई पुढच्या ओळीवर गेली. डिसेंबरात शपथ झाली. एकाहत्तर सालच्या एप्रिलमध्ये, बावीस वर्षांची असताना, नगरच्या शाखेत मीनाक्षीनेही कार्ड घेतलं होतं. तिथेच गुरुनाथ भेटला. पक्षातल्या लोकांत नवराबायकोने एकमेकांना नावानेच हाक मारायची पद्धत होती, म्हणून ती आजही त्याला अरे-तुरे करायची. देवळातल्या हळदीकुंकवाला हे ऐकून पिस्कॅटवेच्या बायका पहिल्यांदा जरा दचकल्या होत्या.

"मी म्हटलं ना 'नाही'," ती हात पुसत म्हणाली. "माझ्या अंगाला कुठे फोड आले का?"

"तू म्हणू शकतेस," गुरुनाथ म्हणाला. यात टोमणा नव्हता. एखाद्याला पोहता येतं आणि एखाद्याला नाही, तसं त्याने सांगितलं.

गुरुनाथ वाईट माणूस नव्हता. हे मीनाक्षी आयुष्यभर लोकांना सांगत आली होती, आणि ते खरंही होतं.

अठ्ठ्याहत्तर साली ती दोघं मॉस्कोला गेली. तिथल्या एका प्रकाशनगृहात मराठी विभाग होता. मुलांची पुस्तकं, शेतीची पुस्तकं, भाषणांच्या पुस्तिका असं सगळं रशियनमधून मराठीत करायचं आणि स्वस्तात भारतात पाठवायचं. गुरुनाथ भाषांतरं करायचा, मीनाक्षी मराठी टाइपरायटरवर बसायची. दोन खोल्यांचं घर मिळालं. हिवाळ्यात भिंतीतले नळ इतके तापायचे की खिडकी उघडावी लागे. परीक्षितचा जन्म तिथलाच. त्याचं दूध, पाळणाघर, दवाखाना, कशालाच पैसे पडत नव्हते. चीज मिळालं तर साबण मिळायचा नाही, आणि रांग दिसली की लोक आधी उभे राहायचे आणि मग विचारायचे की कशाची आहे. पण उद्या काय, असा प्रश्न त्या घरात तेरा वर्षांत कुणाला पडला नाही. अमेरिकेत आल्यावर परीक्षितच्या कंपनीत दर चार महिन्यांनी माणसं काढायचे आणि तो रात्री जेवायचा नाही, तेव्हा मीनाक्षीला त्या गरम भिंती आठवायच्या.

त्याची किंमत वेगळ्या खात्यात जायची. दर जानेवारीत प्रत्येकाने स्वतःचा वृत्तान्त स्वहस्ते लिहून द्यायचा, चार पानं. जन्म कुठला, बाप काय करायचा, बायको कोण, तिचे नातेवाईक कोण, मित्र कोण, त्यांचं कुणी परदेशात आहे का. आणि शेवटी एक ठरलेलं वाक्य: वरील मजकुरात मी काहीही वगळलेलं नाही. सगळेच ते वाक्य लिहायचे आणि सगळेच काही ना काही वगळायचे. ते वरच्यांनाही ठाऊक असावं. गुरुनाथ तेवढा वगळायचा नाही.

विभागात मनोहर पाटकर म्हणून एक भाषांतरकार होता. गोष्टीवेल्हाळ, जरा आळशी, दर शनिवारी यांच्याकडे जेवायला येणारा. त्याची बायको अबोली मीनाक्षीची मैत्रीण. दिवाळीत दोघी मिळून बटाट्याच्या पिठाच्या चकल्या करायच्या, त्या तेलात विरघळायच्या आणि दोघी हसत बसायच्या. मनोहरचा भाऊ पश्चिम जर्मनीत होता. त्याची पत्रं कुणाच्या तरी सामानातून यायची, आणि मनोहर ती शनिवारी जेवताना वाचून दाखवायचा. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत गुरुनाथने मित्रांच्या रकान्यात हे लिहिलं. भावाचं नाव, गाव, पत्रं कशी येतात.

पाटकरांना दहा दिवसांत देश सोडायला सांगितलं. अबोलीला सातवा महिना लागला होता. बाहेर उणे बावीस.

मनोहर दारात उभा राहिला, आत आला नाही. "का लिहिलंस रे?"

"मित्रांचे परदेशी संबंध, असा रकाना होता."

"रिकामा ठेवायचास."

"रिकामा नव्हता ना, मनोहर."

मनोहरने कोटाची बटणं लावली. मग मीनाक्षीकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुम्ही जपून राहा." आणि जिना उतरून गेला.

अबोलीचं मूल दिल्लीला पोचायच्या आत गेलं. बातमी आली त्या दिवशी गुरुनाथ जेवला नाही, संध्याकाळभर रडला. ते रडणं खरं होतं, मीनाक्षीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पुढच्या जानेवारीत त्याने लिहिलं, 'मी दिलेल्या माहितीमुळे माझ्या परिचयातील एका कुटुंबाचं मूल दगावलं.' तेही वगळलं नाही. त्याला बढती मिळाली.

मग एक्क्याण्णव साल आलं आणि सगळं एकदमच गेलं. मराठी विभाग एका सकाळी बंद झाला. गोदामातली पुस्तकं रद्दीच्या ट्रकमध्ये चढली, इमारतीच्या खालच्या मजल्यावर इटालियन सोफ्यांचं दुकान लागलं. गुरुनाथ त्यानंतरही अकरा दिवस वेळेवर कामाला जात राहिला. सोफेवाल्यांनी आत घेतलं नाही तेव्हा जिन्यात बसून राहायचा. पुढच्या जानेवारीत किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं. मोटारीसाठी साठवलेल्या पैशांत मार्चमध्ये परीक्षितचे बूट आले, तेही एक नंबर मोठे.

मेट्रोच्या तोंडाशी लोक मिळेल ते विकायला उभे असत. एक प्राध्यापिका आपले चमचे विकायची. एक लष्करातला म्हातारा पदकं विकायचा, आणि गिऱ्हाईक आलं की तोंड फिरवायचा. मीनाक्षी तिथे समोसे घेऊन उभी राहिली. आत मसुरीचं सारण होतं. मांस परवडतच नव्हतं. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, "यात मटण आहे?" मीनाक्षीच्या तोंडून निघालं, "आहे." अर्ध्या तासात डबा रिकामा झाला. घरी जाताना तिने पाव घेतला आणि परीक्षितसाठी एक अंडं.

तिच्या शेजारी दोन पावलांवर गुरुनाथ मुलांची पुस्तकं मांडून बसायचा. गिऱ्हाईक आलंच तर सांगायचा, याची शेवटची चार पानं उलटी बांधली गेलीत. नवव्या दिवशी एक दांडगा माणूस समोसा चावत त्याच्यापाशी थांबला. गुरुनाथची रशियन स्वच्छ, माणूस शिकलेला दिसत होता.

"मास्तर, हे मटण आहे का?"

"मसूर," गुरुनाथ म्हणाला.

त्या माणसाने डबा पायाने उलटा केला. समोसे बर्फाच्या चिखलात गेले. मीनाक्षी खाली वाकली तर त्याने तिच्या हातावर बूट ठेवला, दाबला नाही, नुसता ठेवला, आणि सगळे बघेपर्यंत ठेवला. महिनाभर तिला त्या जागी कुणी उभं राहू दिलं नाही. त्या महिन्यात परीक्षित शाळेत दोनदा चक्कर येऊन पडला.

गुरुनाथने तिचा हात कोमट पाण्यात धुतला. "तू मला आधी सांगायला हवं होतंस," तो म्हणाला, "म्हणजे मी दुसरीकडे बसलो असतो."

नंतर पुणं, भाड्याच्या दोन खोल्या. तिने पोळीभाजीचे डबे केले, त्याने रशियनच्या शिकवण्या. पुढे फ्लॅट झाला. परीक्षित शिकला, गेला, आणि त्याने दोघांना बोलावून घेतलं. हातावरच्या बुटाची गोष्ट मीनाक्षीने मुलाला कधी सांगितली नाही.

मुलाखतीच्या आधीच्या आठवड्यात गुरुनाथ तालमीला बसला, प्रश्न आला आणि तो म्हणाला, "बघतो."

"बघतो म्हणजे नो ना?" परीक्षितने विचारलं.

"बघतो म्हणजे बघतो."

"बाबा, प्लीज. माझी नोकरी बघा, घराचा हप्ता बघा. तुम्हाला परत पाठवलं तर मी तिकडे येऊन राहू शकणार नाही."

"ते मला कळतं," गुरुनाथ म्हणाला, आणि त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढचे तीन दिवस तो खिडकीपाशी बसून लिहीत होता. रुहीला शाळेत आजीआजोबांच्या आयुष्यावर निबंध लिहायचा होता, तिने त्याला आपली जाड रेघांची वही दिली होती. मीनाक्षीला वाटलं, नातीसाठी चाललंय. तिने त्याला आलं घालून चहा दिला, पाठीला उशी लावली. तो मधूनच विचारायचा, "तुझ्या बापूकाकांचं दुकान कुठल्या पेठेत होतं?" आणि ती सांगायची. नातीला एवढं कळावं असं तिला वाटत होतं.

मार्चमधल्या एका मंगळवारी परीक्षित त्यांना गाडीने नेवार्कला घेऊन गेला. आत उमेदवारानेच जायचं. मीनाक्षी आणि परीक्षित बाहेरच्या खुर्च्यांवर बसले. वीस मिनिटं लागतात म्हणाले होते, तासावर पंधरा मिनिटं झाली. मधे एक बाई लगबगीने त्या खोलीत गेली आणि हातात कागद घेऊन बाहेर आली. मग गुरुनाथ आला. ताठ चालत, इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर आंघोळ करून आल्यासारखा तजेला. कित्येक वर्षांत मीनाक्षीने त्याला असा पाहिला नव्हता.

"काय झालं?" परीक्षित उठला.

"निर्णय पत्राने कळवतील."

गाडी हायवेला लागली. मग मागच्या सीटवरून मीनाक्षीनेच विचारलं, "तो प्रश्न आला?"

"आला. मी हो म्हटलं. तो माणूस सभ्य होता. म्हणाला, काही तपशील देऊ शकाल का? मी चार पानं लिहूनच नेली होती, ती दिली."

परीक्षितने गाडी कडेला घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला. शेजारून ट्रक जात होते आणि प्रत्येक वेळी गाडी हलत होती.

"चार पानं," मीनाक्षी म्हणाली. "त्यात काय काय?"

"सगळं. पहिल्यापासून. सात वर्षांपूर्वीचा फॉर्म मी न वाचता सही केला, तो परीक्षितने भरला होता, हेही."

"बाबा," परीक्षित म्हणाला. आवाज लहान मुलासारखा आला.

"आणि माझं?" मीनाक्षीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. खिडकीपाशी दिलेला चहा तिला आठवला.

"तुझंही. एकाहत्तर, एप्रिल, नगर शाखा."

"त्यांनी माझं विचारलं होतं?"

गुरुनाथने खरोखर विचार केला. "नाही. विचारलं नव्हतं." मग तो मागे वळला. मान पूर्ण वळत नव्हती, तरी तिच्याकडे बघायचा प्रयत्न करत म्हणाला, "पण तुला सोडून माझा वृत्तान्त पुरा कसा होईल, मीनाक्षी?"

हे तो प्रेमाने म्हणाला होता. त्याहून वाईट काही असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पाच आठवड्यांनी दोन पत्रं आली. एक गुरुनाथचा अर्ज नामंजूर झाल्याचं. दुसरं मीनाक्षीच्या नावाचं: तुमच्या नागरिकत्वाच्या अर्जातल्या एका उत्तराबाबत खुलासा करावा.

वकील सुलेखा जवळच्या एडिसन गावचीच, इथे जन्मलेली, चाळिशीची. मराठी बोलायची ती आजीकडून ऐकलेली आणि मधेच तुटणारी. तिने पत्रं वाचली, चार पानांची प्रत वाचली, चष्मा काढला.

"काका, तुमचं अक्षर खूप छान आहे," ती म्हणाली.

"थँक यू."

"काकू, मी तुम्हाला घाबरवत नाही, पण हे सीरियस आहे. तुमच्या अगेन्स्ट एकच गोष्ट आहे. हा कागद. दुसरं काही नाही, तिकडे कुठे रेकॉर्ड पण नसेल." तिने वही पुढे ओढली. "काकांची मेमरी कशी आहे? आय हॅव टु आस्क. एटीवन आहेत. डॉक्टरांनी कधी चेक केलं? मेमरीचा खरंच काही इश्यू असेल, तर या स्टेटमेंटला तेवढं वजन राहत नाही."

"माझी स्मरणशक्ती चांगली आहे," गुरुनाथ म्हणाला.

"नाही, हल्ली विसरतो तो," मीनाक्षी म्हणाली. "गॅस चालू ठेवतो. रुहीला माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतो. मॉस्कोचं तर काहीच्या काही सांगतो. गेल्या दिवाळीला, बावीस तारखेला—"

"पाडव्याला," गुरुनाथ म्हणाला. "आणि गॅस प्रीताने चालू ठेवला होता."

सुलेखाने वहीत काहीच लिहिलं नाही.

डॉक्टरांची वेळ जूनमधली मिळाली. आदल्या संध्याकाळी मागच्या अंगणात मीनाक्षीने गुरुनाथसमोर खुर्ची ओढली. आडपडदा ठेवला नाही. "उद्या वार विचारतील, तारीख विचारतील, शब्द पाठ करायला सांगतील. तू चुकायचंस. सगळं नाही, अर्धं. नाहीतर मला या घरातून काढतील. नातीपासून. कळतंय तुला?"

"कळतंय."

"माझ्यासाठी चुकशील?"

तो शेजारच्या घराच्या फवाऱ्याकडे बघत राहिला. "मी प्रयत्न करीन," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. मीनाक्षीने त्याचा हात धरला. चौपन्न वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती, आणि तो देईल असं तिला त्या संध्याकाळी वाटलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती. मीनाक्षीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू दिलं. आज वार कोणता? गुरुनाथ गप्प. त्याच्या कपाळावर घाम आला, ओठ हलले. "गुरुवार," तो म्हणाला, आणि तिथून पुढे त्याला थांबवणं त्याच्याही हातात राहिलं नाही. तारीख, महिना, साल, गाव. शंभरातून सात-सात वजा करत तो दोनपर्यंत गेला, पासष्टला पुरे म्हटलं होतं तरी. पाच शब्द सांगितल्या क्रमाने परत म्हणून दाखवले. घड्याळ काढायला दिलं, तर त्याने अकरा वाजून दहा मिनिटं तर दाखवलीच, वर तासकाटा दहा मिनिटांपुरता अकराच्या पुढे सरकवला.

डॉक्टर हसली. "मिस्टर देवस्थळी, थर्टी आउट ऑफ थर्टी. अशी पेशंट मंडळी रोज भेटत नाहीत."

"डॉक्टर, एक गोष्ट राहिली," गुरुनाथ त्याच्या जुन्या, मुद्देसूद इंग्रजीत म्हणाला. "माझ्या पत्नीने मला उत्तरं चुकवायला सांगितली होती. मी तसा प्रयत्न केला. तो जमला नाही. याची नोंद व्हावी."

डॉक्टरचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे मीनाक्षीकडे वळले. मग तिने टाइप केलं.

सुलेखाने ती नोंद वाचली आणि खुर्चीत मागे टेकली. एकच रस्ता दिसतो, असं ती म्हणाली. काकांनी आपणहून ग्रीनकार्ड परत करायचं आणि भारतात जायचं. तेच नसले, अपील नाही, सुनावणी नाही, तर काकूंची फाइल उकरायला सरकार कदाचित वेळ घालवणार नाही. खात्री मात्र देता येत नाही.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. परीक्षित ताटात बोट फिरवत होता. प्रीता म्हणाली, "आपण थोडा वेळ घेऊ या का?" आणि तिलाच ते पोकळ वाटलं असावं, ती पाणी आणायला उठली.

"तो जाईल," मीनाक्षी म्हणाली.

"आई—"

"तळेगावला वृद्धाश्रम आहे, आपल्या पुण्याच्या शेजारच्या मनोरमाताईंचे यजमान होते तिथे. स्वच्छ आहे. जेवण बरं असतं. तो जाईल."

सगळे गुरुनाथकडे बघायला लागले. त्याने वरण-भात संपवला, हात धुतले, आणि फॉर्म मागितला. चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचला. कार्ड परत करण्याचं कारण लिहायला दोन ओळींची जागा होती. तिथे त्याने लिहिलं, 'कुटुंबाची सोय.' सही केली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावून पेन परीक्षितला परत दिलं.

ऑगस्टमध्ये तो निघाला. रुही आजोबांना मिठी मारून इतकी रडली की तिला घरीच ठेवावं लागलं. परीक्षित गाडी पार्क करायला गेला आणि काउंटरपाशी मीनाक्षी आणि गुरुनाथ दोघंच राहिले. तो चाकांच्या खुर्चीत, मांडीवर औषधांची पिशवी, मागे खुर्ची ढकलणारा विमानतळावरचा पोरगेलासा हैतीयन माणूस. त्याला यांचं बोलणं कळत नव्हतं. तो सौजन्याने दुसरीकडे बघत उभा होता.

"रक्तदाबाची गोळी सकाळची," ती म्हणाली. "वर चिठ्ठी लावलीय."

"वाचली." त्याने पिशवीचा बंद आवळला. "तू नंतर येशील का?"

परीक्षितला तिने सांगितलं होतं, सगळं शांत झालं की मी जाऊन राहीन चार-सहा महिने. प्रीतालाही तेच. हेच वाक्य तिच्या जिभेवर होतं. गुरुनाथ मान वर करून तिच्याकडे बघत होता, शाळेतला मुलगा निकालाकडे बघतो तसा.

"नाही," मीनाक्षी म्हणाली.

"फाइलमुळे?"

"फाइल नसती तरी आले नसते. मला तुझ्याबरोबर राहायचं नाही, गुरुनाथ."

त्याने मान हलवली. रागावला नाही. "कधीपासून?"

तिने आठवून बघितलं. त्याला उत्तर हवं होतं, आणि तिलाही ते पहिल्यांदाच हवं होतं. "पुष्कळ वर्षांपासून," ती म्हणाली. "बहुतेक मॉस्कोपासून."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस," गुरुनाथ म्हणाला.

त्याने खुर्चीवाल्याला हाताने खूण केली. खुर्ची तपासणीच्या रांगेकडे निघाली. त्याने पासपोर्ट आणि बोर्डिंग पास आधीच हातात काढून ठेवले होते, पान उघडून. वळणावर एकदा तरी तो मागे बघेल म्हणून ती थांबली. मान वळत नव्हती त्याची, ते नंतर तिच्या ध्यानात आलं.

परीक्षित धावत आला तेव्हा रांगेत दुसरीच माणसं होती. "गेले? मला भेटलेच नाहीत आई. काय म्हणाले?"

"स्वतःला जप म्हणाला," मीनाक्षी म्हणाली. "आणि वेळेवर जेवत जा म्हणाला."

परीक्षित तिथल्या खांबाला टेकून रडायला लागला. मीनाक्षी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.